गारपीट आणि कर्मविपाक

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची जी कथा आली आहे, तिच्याकडे अभ्यासक बहुधा उद्गीथोपासनेच्या अनुषंगानेच पाहतात आणि तिच्या आरंभीच्या हवामानाच्या उल्लेखावरून सहज पुढे निघून जातात. कुरुदेशातील उभी पिके आकाशातून झालेल्या माऱ्याने नष्ट झाली होती आणि उषस्ती आपली पत्नी आटिकी हिला बरोबर घेऊन, हत्ती बाळगणाऱ्या धनिकांच्या एका गावी अन्नान्नदशेत दिवस कंठीत होता, असे ते प्रास्ताविक आहे. हा मारा कशाचा, याविषयी मतभेद आहेत आणि काहींनी ती टोळधाड मानली आहे; परंतु शंकराचार्यांनी भाष्यात ‘अशनी’ असा अर्थ दिला असून बहुतेकांनी तो गारांचा वर्षाव असाच घेतला आहे, आणि कुरुदेशाचे भौगोलिक स्थान ध्यानात घेता मलाही तोच स्वीकारार्ह वाटतो. एका गजस्वामीला कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे शिजवलेले कडधान्य, खाताना पाहून उषस्तीने त्याच्याकडे भिक्षा मागितली. पुढ्यात आहे यावेगळे काही शिल्लक नाही असे त्याने सांगताच, त्यातलेच दे, असे म्हणून या वेदज्ञ ब्राह्मणाने ते उष्टे अन्न घेतले व खाल्ले. त्या मनुष्याने पाणी पुढे केले तेव्हा मात्र, ते उष्टे आहे, असे सांगून त्याने ते नाकारले. आणि कुल्माष उष्टे नव्हते काय, या साहजिक प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर असे की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला इच्छेस येईल तेथे मिळते. उरलेले कुल्माष त्याने पत्नीसाठी नेले, तिला आधीच भिक्षा मिळालेली असल्यामुळे तिने ते ठेवून दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे अन्न खाऊन तो राजाच्या यज्ञमंडपात गेला. ऋत्विज ज्या स्तुती गाण्यास बसले होते त्यांच्या देवताच त्यांना ठाऊक नाहीत, असे त्याने तेथे दाखवून दिले. आणि प्रतिहाराची देवता कोणती, हे शेवटी त्यालाच सांगावे लागले तेव्हा त्याने ‘अन्न’ असे उत्तर दिले, ज्यात आदल्या दिवशीच्या भुकेचा काहीच वाटा नव्हता असे मला तरी म्हणवत नाही.

कुरूंच्या शेतांवर हा मारा कुणाच्या पापामुळे झाला, हा एक प्रश्न या संपूर्ण आख्यानात कोणीही विचारीत नाही. उषस्ती विचारीत नाही, गजस्वामी विचारीत नाही, आणि ज्या राजाच्या राज्यात हे घडले असेल त्याच्या अधर्माची चौकशीही कथाकार करीत नाही. आपत्तीत सापडलेल्या माणसाला काय करण्याची मुभा आहे आणि ती मुभा कोठे संपते, एवढाच विचार तेथे आहे. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांतही तिसऱ्या अध्यायात, प्राणसंकटात कोणतेही अन्न घेण्यास अनुमती आहे, या सिद्धांताला आधार म्हणून हीच कथा अभिप्रेत आहे. उलट आपल्या गावोगावच्या बोलण्यात, जुन्या बखरींपासून आजच्या वर्तमानपत्रांपर्यंत, आस्मानी आणि सुलतानी अशा दोन संकटांची जी वाटणी रूढ आहे, तीत सुलतानीला निदान एक जबाबदार इसम असतो, आणि आस्मानीची जबाबदारी मात्र बघता बघता, ज्याचे नुकसान झाले त्याच्याच पूर्वसंचितावर येऊन पडते. गार कशी तयार होते, हे आज आपणास पुष्कळ खोलवर कळले आहे. या ज्ञानाने कर्मविपाकाच्या सिद्धांताला काही बाध येतो काय, आणि येत असेल तर कोठे, याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे. तो करताना हवामानशास्त्राकडून केवळ निष्कर्ष उसने आणून भागणार नाही. त्याची रीत थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण तत्त्वचिंतकाला उपयोगी पडणारी गोष्ट बहुतेक वेळा त्या तपशिलातच असते.

व्हिल्हेल्म ब्यर्कनेस या नॉर्वेजियन पदार्थविज्ञानवेत्त्याने १९०४ साली असे प्रतिपादन केले की, वातावरणाची आजची अवस्था पुरेशा अचूकपणे माहीत असेल आणि एका अवस्थेतून दुसरी अवस्था ज्या नियमांनी निष्पन्न होते ते नियमही माहीत असतील, तर उद्याचे हवामान हा गणिताचा विषय होतो. पहिले महायुद्ध पेटल्यावर तटस्थ नॉर्वेला समुद्रापलीकडून मिळणाऱ्या हवामानाच्या तारा बंद झाल्या, धान्याची टंचाई पडली, आणि त्या निकडीतून १९१८ च्या उन्हाळ्यात ब्यर्कनेसने शेतकरी व कोळी यांना अंदाज देता यावेत म्हणून पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे विणले. त्या निरीक्षणांतून बर्गेन या गावी त्याचा मुलगा याकोब आणि त्याचे सहकारी हाल्वोर सोलबर्ग व टोर बर्जेरोन यांना जे दिसले, त्याने हवामानशास्त्राची दिशा पालटली. हजारो किलोमीटर विस्ताराची हवा एकाच प्रकारच्या भूपृष्ठावर, मग ती सायबेरियाची हिमभूमी असो की उष्ण कटिबंधातला समुद्र असो, दिवसेंदिवस पडून राहिली म्हणजे त्या पृष्ठाचे तापमान आणि त्याची आर्द्रता तिच्या अंगी मुरते. अशा हवेला वायुराशी म्हणतात. दोन भिन्न प्रकृतीच्या वायुराशी समोरासमोर आल्या असता त्या सहजासहजी एकमेकींत मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये एक तिरकस सीमापृष्ठ तयार होते, आणि या पृष्ठाला त्या तरुणांनी, युरोपभर खंदकांच्या रांगा पसरल्या होत्या त्या काळाला अनुसरून, आघाडी हे नाव दिले. नाव युद्धातले असले तरी शोधाचा प्रसंग पीक वाचवण्याचा होता, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

थंड हवा जड असते. म्हणून ती पुढे सरकताना पाचरीसारखी उष्ण हवेच्या खाली शिरते आणि तिला वर उचलते. या पाचरीचा उतार दिसायला अगदी सौम्य असतो, पन्नास ते शंभर किलोमीटर अंतरात सुमारे एक किलोमीटर इतकाच. परंतु तेवढ्याने काम भागते. वर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना प्रत्येक किलोमीटरला जवळजवळ दहा अंश सेल्सिअसने थंड होते. तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागले की प्रत्येक ग्रॅम बाष्पामागे सुमारे सहाशे कॅलरी अप्रकट उष्णता मोकळी होते, थंड होण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, आणि भोवतालची हवा पुरेशी थंड असेल तर आता ही उंचावलेली हवा तिच्याहून उबदार, म्हणून हलकी, ठरून कोणी न ढकलता स्वतःच्याच बळावर वर जाऊ लागते. येथपासून आघाडीचे काम संपते आणि ढगाचे सुरू होते. बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढणारे हे स्तंभ उंचावरच्या वेगवान वाऱ्याने तिरपे झाले, तर वर जाणारा प्रवाह आणि खाली कोसळणारा पाऊस यांच्या वाटा वेगळ्या होतात, पाऊस आपल्याच जननीचा गळा घोटीत नाही, आणि वादळ तासन्‌तास जिवंत राहते. गोठणबिंदूच्या वर पुष्कळ उंचीपर्यंत पाणी बर्फ न होता अतिशीत द्रवरूपातच तरंगत असते; एखादा हिमकण त्या थेंबांतून फिरू लागला की थेंब त्याला स्पर्श करताच गोठतात, थरावर थर चढतात, आणि जोपर्यंत खालून येणारा प्रवाह त्याचा भार तोलू शकतो तोपर्यंत ती गार वाढत राहते. पाच सेंटिमीटर व्यासाची गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास असतो.

बर्गेनकरांचे हे चित्र जसेच्या तसे आपल्या देशावर बसवता येत नाही, हे सांगितले पाहिजे. उष्ण कटिबंधात शेजारच्या दोन प्रदेशांच्या तापमानात फारशी तफावत नसते आणि पाठ्यपुस्तकातील शीत आघाडी जमिनीवरून चालत दख्खनपर्यंत क्वचितच येते. भूमध्य समुद्र व कॅस्पियनच्या बाजूने निघणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी इराण-अफगाणिस्तानावरून वायव्य भारतात उतरतात, हिमालयावर बर्फ आणि पंजाबावर गव्हाचा पाऊस टाकतात, आणि त्यांच्यासोबत वातावरणाच्या वरच्या थरांत थंड, कोरड्या पश्चिमी वाऱ्यांची एक खोल द्रोणी येते. ही द्रोणी पुरेशी दक्षिणेस झुकली, आणि त्याच वेळी खालच्या थरांत बंगालच्या उपसागरावरून अथवा अरबी समुद्रावरून दमट वारे मध्य भारतात शिरले, तर दोन वायुराशींचा सामना आडवा होण्याऐवजी उभा होतो: वर थंड व शुष्क, खाली उष्ण व आर्द्र. फेब्रुवारी ते मे या महिन्यांतील गारा यातून येतात. पावसाळ्यात आकाश कितीही काळे झाले तरी गारा जवळजवळ पडत नाहीत, कारण तेव्हा दूरवरपर्यंत हवा उबदार असते, गोठणबिंदूची उंची वाढलेली असते आणि वाऱ्याची ती तिरपी ओढही नसते. कुरुदेश म्हणजे गंगा-यमुनांच्या दुआबाचा वरचा भाग व त्याच्या पश्चिमेचा मुलूख. हस्तिनापुराच्या पूर्वेस, गंगेपलीकडे, फार लांब नसलेल्या मुरादाबादेत ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली, आणि गारपिटीतील मनुष्यहानीचा तो आजही जगातला सर्वांत मोठा नोंदलेला आकडा आहे. उषस्तीच्या दुर्दशेमागे गाराच होत्या, असे मला का वाटते, ते यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्राला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र येथे पुनःपुन्हा गारा कोसळल्या. काढणीला आलेला गहू, हरभरा व शाळू, घडांनी लगडलेल्या द्राक्षबागा, डाळिंब, कांदा, असे सर्व काही त्या पंधरवड्यात झोडपले गेले, शेतांतून पांढरा थर साचला आणि झाडांखाली पाखरांचा खच पडला. त्या आपत्तीचा विस्तार इतका मोठा असतानाही एक गोष्ट सर्वत्र दिसली, आणि ती गारपिटीच्या प्रकृतीतच आहे. दुष्काळ तालुकेच्या तालुके सरसकट व्यापतो. गारा मात्र पट्ट्यांनी पडतात. ढगातील ऊर्ध्वगामी प्रवाहाचा गाभा काही किलोमीटर रुंदीचा असतो, वादळ पुढे चालत जाते तसतसा तो जमिनीवर एक अरुंद पट्टा आखीत जातो, आणि त्या पट्ट्याची कड जेथे येते तेथे बांधाच्या अलीकडले शेत भुईसपाट होते व पलीकडल्या शेतातली ज्वारी कणसांसह उभी राहते.

हा बांध तत्त्वज्ञानाच्या मोठ्या अडचणीची जागा आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि क्रौर्य, असे दोन दोष येत असल्याची शंका घेतली आहे: देवांना अत्यंत सुखी, पशूंना अत्यंत दुःखी आणि माणसांना मधल्या स्थितीत निर्माण करणारा जो कोणी असेल, त्याला सामान्य माणसाप्रमाणे राग-द्वेष आहेत असे का म्हणू नये? आचार्यांनी भाष्यात दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. ईश्वर निरपेक्षपणे सृष्टी करीत नाही, प्राण्यांच्या धर्माधर्माची अपेक्षा ठेवून करतो. म्हणून विषमता त्याची नसून जीवांच्या कर्माची आहे. आणि या उत्तराच्या पुष्ट्यर्थ त्यांनी जो दृष्टांत योजिला आहे, तो नेमका पर्जन्याचा आहे. भात, जव इत्यादींच्या उत्पत्तीला पर्जन्य हे साधारण कारण, परंतु भात आणि जव यांच्यातील भेद त्या त्या बीजाच्या सामर्थ्यामुळे होतो. तसाच ईश्वर साधारण कारण आणि जीवांचे वैषम्य त्यांच्या कर्मबीजांमुळे. दृष्टांत अत्यंत मार्मिक आहे आणि जेथवर पाऊस सर्व शेतांवर सारखा पडतो तेथवर तो निर्दोष चालतो.

परंतु उषस्तीच्या कथेवर भाष्य करताना ज्यांनी आकाशातून कोसळणाऱ्या अशनींचा अर्थ सांगितला, त्याच आचार्यांच्या या दृष्टांतात पर्जन्याचे केवळ पोषक रूप आले आहे, ही बाब विचार करण्याजोगी आहे. गारांचा पर्जन्य साधारण कारण राहत नाही; तो बांधाच्या एका अंगाला पडतो व दुसऱ्या अंगाला पडत नाही, आणि जेथे पडतो तेथे बीज गव्हाचे आहे की हरभऱ्याचे, सकस आहे की निकस, याची यत्किंचितही अपेक्षा ठेवीत नाही. म्हणजे दृष्टांतात जे वैषम्य बीजाकडे सोपवले होते, ते गारपिटीत पुन्हा मेघाकडे परत येते. यावर कर्मवादी म्हणेल, आणि त्याने तसे म्हणणे सुसंगतच आहे, की मेघाची वाटसुद्धा शेतधन्याच्या अदृष्टानेच वळवली. प्रवाहाचा गाभा, उंचावरचा वारा, दमट हवेची ती एक जीभ, ही सगळी त्या अदृष्टाची साधने होत. तर्कदृष्ट्या हे खंडन करण्याजोगे विधान नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. शेत गेले तर संचित वाईट, वाचले तर संचित बरे, पुढच्या वर्षी वाचलेले गेले तर संचिताचे दुसरे पान उलटले. कोणत्याही निष्पत्तीला जे स्पष्टीकरण तितक्याच तत्परतेने जुळते, ते त्या निष्पत्तीविषयी काहीच सांगत नसते. शिवाय शेत हे एका माणसाचे नसते. त्या एका एकरावर धन्याचे, त्याच्या तान्ह्या मुलाचे, खुरपणीला येणाऱ्या बायकांचे, बैलाचे आणि कर्ज देणाऱ्या सोसायटीचे असे अनेकांचे संचित ढगाच्या एकाच फेऱ्यात हिशेबाला यावे लागेल, आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात येणाऱ्या साऱ्यांची खातेवही त्याच दुपारी भरलेली असावी लागेल.

या ठिकाणी मला संयुत्त निकायातील एका छोट्या संवादाची आठवण होते, आणि तिचे नवल वाटते की आपल्या चर्चांत ती इतकी क्वचित यावी. मोलिय सीवक नावाचा परिव्राजक भगवान बुद्धांना विचारतो की, मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळे, असे म्हणणारे काही श्रमण-ब्राह्मण आहेत, त्यावर आपले मत काय? बुद्धांनी पित्त, कफ, वायू, त्यांचा सन्निपात, ऋतूंचे परिवर्तन, विषम आहारविहार, बाहेरून होणारा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली आणि जे सर्व काही पूर्वकर्माचेच फळ मानतात ते स्वतःच्या अनुभवाच्या व लोकप्रसिद्ध ज्ञानाच्या पलीकडे धाव घेतात, असा अभिप्राय दिला. कर्मविपाक तेथे नाकारलेला नाही; त्याला आठांपैकी एका जागेवर बसवले आहे, आणि ऋतूला त्याची स्वतंत्र जागा दिली आहे. कर्मसिद्धांताची ही मर्यादित मांडणी मला सर्वांत सुज्ञ वाटते. माझ्या आळसाने पेरणी चुकली तर ते माझे कर्म. माझ्या शेतावरून ढगाचा गाभा गेला तर तो ऋतू.

असा विवेक आपल्याच काळातल्या दोन थोर पुरुषांमध्ये एकदा जाहीर वादाचा विषय झाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात व नेपाळात प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे सांगितले, आणि रवींद्रनाथांनी त्याला कळकळीचा आक्षेप घेतला, जो गांधीजींनी फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापला. भौतिक उत्पातांचा उगम भौतिक घटनांच्या विशिष्ट जुळणीतच असतो, असे रवींद्रनाथांचे म्हणणे होते, आणि अशा रीतीने नीतीचे धडे देणारा ईश्वर मानायचा तर माणसाची नीती त्याच्या नीतीहून श्रेष्ठ ठरेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींचे म्हणणे असे की, अवर्षण, महापूर, भूकंप हे दिसायला भौतिक कारणांचे असले तरी माणसाच्या नीतीशी त्यांचा काही तरी संबंध आहे, असे मला वाटते, आणि ते मी सिद्ध करू शकत नाही. भूकंप आणि गारपीट यांचे शास्त्र वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे. गांधीजींचा रोख पीडितांवर नव्हता, तो सवर्णांवर आणि स्वतःवर होता, आणि त्या पापाविषयी ते जे बोलत होते त्यात एक अक्षरही अधिक नव्हते. तरीही या वादात मी निःसंकोचपणे रवींद्रनाथांच्या बाजूला उभा आहे. ज्या दंडात अस्पृश्याची झोपडी सवर्णाच्या वाड्याबरोबर कोसळते, तो दंड न्यायाधीशाच्या अकलेविषयी शंका उत्पन्न करतो. आणि मुख्य म्हणजे अस्पृश्यता वाईट ठरवण्यासाठी भूकंपाची साक्ष काढण्याची गरजच नव्हती.

ईश्वराच्या कोपाची कल्पना सोडताना माणूस काही गमावतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. उत्साही बुद्धिवादी हे मान्य करीत नाहीत म्हणून त्यांचे बोलणे गावात परके वाटते. कोपलेल्या देवाला आळवता येते. त्याला नवस बोलता येतो, त्याच्याशी भांडता येते, आणि विठोबाशी भांडण्याची तर आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दहा किलोमीटर उंचीवरच्या थंड द्रोणीला अर्ज करता येत नाही. ज्यूंच्या धर्मग्रंथातील ईयोबाच्या पुस्तकात, सर्वस्व गमावलेला तो सत्शील पुरुष ईश्वराला जाब विचारतो, तेव्हा ईश्वर वादळातूनच बोलतो आणि, तू कधी गारांची कोठारे पाहिली आहेस काय, असा प्रतिप्रश्न करतो. ते उत्तर वाचकाला असमाधानकारक वाटते. परंतु त्याच पुस्तकाच्या शेवटी ईश्वराचा राग ओढवतो तो ईयोबावर नव्हे, तर तुझ्या पापामुळेच हे झाले असावे, असे त्याला सांगत बसलेल्या त्याच्या मित्रांवर, हे मला फार मोलाचे वाटते. गारांची कोठारे आज आपण रडारवर पाहतो. त्याने ईयोबाचा आक्रोश शमत नाही, कारण मलाच का, हा उद्गार बहुधा चौकशीचा नसतोच. त्याला कारणमीमांसेने उत्तर देणे, मग ती कर्माची असो की ऊष्मागतिकीची, हे समोरच्याचे ऐकून न घेतल्यासारखे होते.

आपल्या परंपरेत यासंबंधी सर्वांत धीट विचार कोणी मांडला असेल, तर तो भागवताच्या दशम स्कंधातील बालकृष्णाने. नंदादी गोप इंद्रयागाची तयारी करीत असता तो त्यांना विचारतो की, मेघ रजोगुणाने प्रेरित होऊन सर्वत्र वर्षाव करतात व त्यानेच प्रजा जगते, मग यात महेंद्राचा संबंध काय? एका लहान मुलाच्या तोंडी घातलेला हा स्वभाववाद भागवतकारांना पुरता मान्य नसेल, टीकाकारांनी त्याला लीलाही म्हटले आहे. पण तो तेथे आहे. त्यानंतर अपमानित इंद्र सांवर्तक मेघ सोडतो, सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात आणि गारांचा मारा सुरू होतो, तेव्हा गोकुळात कुणाला इंद्राची क्षमा मागण्याचा मोह झाला असता तर ते मानवी होते. कृष्ण क्षमा मागायला सांगत नाही आणि या प्रसंगी प्रथम इंद्राशी लढायलाही जात नाही. तो डोंगर उचलतो, आणि माणसे, गाई, गाडे व सामानसुमान यांसह सर्वांना त्याखाली येण्यास सांगतो. सात दिवस हेच चालते. धार्मिक चित्रांनी करंगळीचे कौतुक इतके केले आहे की डोंगराखाली गुरांनाही जागा होती, हा तपशील आपल्या नजरेतून निसटला आहे.

गारपिटीपुरते बोलायचे तर आजचा डोंगर सरकारी दप्तरात आहे, आणि त्याखाली कोण मावते याचा विचार धर्मचिंतकाने आपल्या कक्षेबाहेरचा मानू नये. वेधशाळा एक-दोन दिवस आधी, कोणत्या जिल्ह्यांत गारांचा संभव आहे हे सांगू शकते. कोणत्या शेतावर, हे सांगू शकत नाही, आणि वातावरणाच्या प्रकृतीकडे पाहता इतक्या आधी ते कधी सांगता येईल असे वाटत नाही. म्हणून भरपाईची तजवीज हाच व्यवहार्य धर्म उरतो. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेच्या मूळ नियमांनी दुष्काळासारख्या व्यापक आपत्तीसाठी गाव किंवा महसूल मंडळ हे एकक धरले, परंतु गारपीट ही स्थानिक आपत्ती मानून तिची पाहणी शेतनिहाय करण्याचे आणि शेतकऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत कळवण्याचे ठरवले. वैषम्यनैर्घृण्याच्या वादाला जो बांध दिसला नाही, तो नियम लिहिणाऱ्या कारकुनांना दिसला. असे असले तरी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक जो पंचनामा करतात तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून चालतो, त्यात बटाईने शेत कसणाऱ्याचे नाव बहुधा नसते, आणि त्या शेतात काढणीची मजुरी मिळणार म्हणून वर्षभर वाट पाहिलेल्या भूमिहीन मजुराचे तर कधीच नसते. पीक गेले की मजुरीही जाते, आणि तिची नोंद कोठल्याच रकान्यात होत नाही.

फाल्गुन-चैत्रात गारा पडून गेल्यावर गावोगावच्या सप्ताहांत जे कीर्तनकार आणि प्रवचनकार उभे राहतात, त्यांना माझी विनंती आहे. श्रोत्यांत बसलेल्या माणसाला त्याच्या पूर्वजन्माची आठवण देऊ नका. उषस्तीची कथा सांगा, गोवर्धनाची सांगायची असेल तर गाई-गाड्यांसह सांगा, आणि सभेत सरपंच व तलाठी हजर असतील तर गावातील ज्या बटाईदारांची व मजुरांची नावे पंचनाम्याबाहेर राहिली आहेत, ती एकदा मोठ्याने वाचून दाखवा.